मोटार-शर्यतीचा प्रेक्षक आणि त्याची बैठक

नाटकगृहाच्या तिकिटाच्या खिडकीशीं उभा राहिलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो "पुढची खुर्ची शिल्लक आहे काय?" हा. गाण्याच्या बैठकींत गवयाच्या समोरची जागा मिळावी म्हणून रसिक तासभर आधीं येऊन बसतात. कुस्तीच्या फडांत तांबडी माती अंगावर उडेल इतक्या जवळची जागा मानाची समजतात. जवळ बसावें, जवळून पाहावें, ही प्रेक्षकाची स्वाभाविक वृत्ति आहे. परंतु मनुष्याच्या करमणुकीचा एक प्रकार असा आहे कीं, ज्यांत ही वृत्ति प्रेक्षकाला फसविते. आणि एकदां तर तिनें ऐंशींहून अधिक प्रेक्षकांचा कांहीं क्षणांत बळी घेतला. तो प्रकार म्हणजे मोटारींची शर्यत.

शर्यत पाहावयास जाणाऱ्यानें कोठें बसावें, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. ज्याच्या खिशांत पैसा त्याला गादीची खुर्ची, ज्याच्या नाहीं त्याला गवताचा उंचवटा, इतकाच त्याचा अर्थ आहे असें एकाद्यास वाटेल. परंतु या प्रश्नाचें उत्तर गेल्या सव्वाशें वर्षांत अनेक वेळां बदललें. आणि प्रत्येक बदलामागें कोणाची तरी कल्पकता, कोणाचा तरी लोभ किंवा कोणाचा तरी मृत्यु उभा आहे. प्रेक्षकाच्या बैठकीचा इतिहास हा एका अर्थीं या खेळाचाच इतिहास होय.

शर्यतीसाठीं बैठक बांधण्याची कला रोमन लोकांनीं मोठ्या थाटानें वाढविली. पॅलाटाइन व ॲव्हेंटाइन या टेकड्यांमधील सखल जागेंत त्यांचें 'सर्कस मॅक्सिमस' नांवाचें रथांचें मैदान होतें. त्याची लांबी सुमारें ६०० मीटर. मध्यें एक लांबट ओटा, आणि त्याच्या दोन टोकांना वळणाचे खांब. रथ सात फेरे घेत. नाटकगृहांत स्त्रीपुरुषांना वेगळें बसवीत. येथें मात्र तीं एकत्र बसत. म्हणून ओव्हिड कवीनें आपल्या प्रेमविषयक काव्यांत तरुणांना या मैदानावर सुंदरीच्या शेजारची जागा पकडण्याचा सल्ला दिला आहे. खरा शौकीन मात्र वळणाच्या खांबाकडे डोळे लावून बसे. कारण रथ एकमेकांवर आदळत ते तेथेंच. अशा अपघाताला रोमन लोक 'जहाज फुटणें' या अर्थाचा शब्द वापरीत. बैठकही निर्धोक नव्हती. अँटोनायनस पायस या बादशहाच्या कारकीर्दींत बैठकीचा कांहीं भाग कोसळून १,११२ माणसें मेल्याची जुनी नोंद आहे. जवळीक, वळण आणि धोका यांचें नातें असें फार जुनें आहे.

मोटार-शर्यतींचा जन्म झाला तो मात्र बैठकीवांचूनच. १८९४ व १८९५ सालीं फ्रान्समध्यें ज्या पहिल्या स्पर्धा झाल्या, त्या एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत सार्वजनिक रस्त्यांवरून झाल्या. प्रेक्षकाला तिकीट नव्हतें, खुर्ची नव्हती. रस्त्याची कड हीच त्याची बैठक. गाड्या धिम्या होत्या तोंवर हें चाललें. २४ मे १९०३ रोजीं व्हर्सायहून पहांटे दोनशेंहून अधिक वाहनें माद्रिदच्या दिशेनें सुटलीं, तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा लाखों माणसें लोटलीं होतीं. धुळीच्या लोटांमुळें चालकांना पुढचें दिसेना. लोक रस्त्याच्या मध्यापर्यंत येऊन उभे राहत, आणि गाडी अंगावर आल्यावर दोहों बाजूंस फांकत. चालक, त्यांचे मदतनीस आणि प्रेक्षक असे अनेक लोक त्या दिवशीं मेले. प्रसिद्ध रेनॉ घराण्यांतील मार्सेल रेनॉ यालाही त्या दिवशींच प्राणांतिक जखमा झाल्या. सरकारनें शर्यत बोर्दो येथेंच थांबविली. तोंपर्यंत सर्वांत पुढें असलेल्या गाब्रिएलची सरासरी गति ताशीं १०५ किलोमीटर पडली होती. ज्या गतीनें गाडी धांवूं लागली होती, त्या गतीनें माणूस बाजूला होऊं शकत नाहीं, हा त्या दिवसाचा धडा.

हा धडा गिरवूनच १९०६ सालीं ल मां या गांवाजवळ पहिली 'ग्रां प्री' झाली. शहरांमधील रस्ता सोडून सुमारें १०३ किलोमीटरांचा त्रिकोणी मार्ग निवडला, आणि त्याच्या कडेला ६५ किलोमीटर लांबीचें लांकडी कुंपण घातलें. सुरुवातीच्या ठिकाणीं पायऱ्या-पायऱ्यांचा मोठा सज्जा उभारला, आणि समोरच्या पिट्सकडे, म्हणजे गाड्यांना तेल व टायर देण्याच्या ठाण्यांकडे, जाण्यासाठीं रस्त्याखालून भुयार काढलें. आजच्या प्रेक्षागाराचीं सर्व अंगें येथें प्रथम एकत्र दिसतात. परंतु त्या सज्ज्यांत बसणाऱ्याच्या पदरांत काय पडलें? विजेत्या फेरेंत्स सिसची सरासरी गति ताशीं १०१ किलोमीटर. म्हणजे तो एकदां समोरून गेला कीं पुन्हां दिसावयास तास लागे. दोन दिवसांच्या शर्यतींत फेरे अवघे बारा. बैठक सुरक्षित झाली, पण शर्यत दृष्टीआड झाली.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला भव्य प्रयत्न इंग्लंडमध्यें झाला. ह्यू लॉक किंग या श्रीमंत जमीनदारानें सरे परगण्यांत वेब्रिजजवळ आपल्या जमिनीवर 'ब्रुकलँड्स' हा केवळ शर्यतीसाठीं बांधलेला काँक्रीटचा मार्ग जून १९०७ मध्यें खुला केला. एक फेरा पावणेतीन मैलांचा, रस्ता शंभर फूट रुंद, आणि वळणांवर तो जवळजवळ तीस फूट उंच चढविलेला. पावणेतीन लाखांहून अधिक प्रेक्षक मावतील असा अंदाज होता. या खर्चानें लॉक किंगचें घर बुडावयाची वेळ आली.

मोटारीची शर्यत कशी चालवावी याचा पूर्वानुभव कोणालाच नसल्यामुळें ब्रुकलँड्सनें घोड्यांच्या शर्यतीची सगळी रीत उचलली. चालक जॉकीप्रमाणें रंगीत अंगरखे घालीत. पैजा घेणारे बुकीही हजर असत. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १८८३ पासून सभासदांची बैठक निराळी आणि जनतेची निराळी अशी जी वांटणी चालत आली, तीच येथेंही होती. "योग्य ती मंडळी, आणि गर्दी नाहीं" अशा अर्थाचें ब्रुकलँड्सचें ब्रीदवाक्यच होतें. पण घोड्याला जें शोभलें तें मोटारीला शोभलें नाहीं. घोड्यांची शर्यत दोनचार मिनिटांत संपते, आणि तिचा निकाल शेवटच्या खांबाशीं लागतो. म्हणून त्या खांबासमोरची जागा सर्वांत मोलाची. मोटारींची शर्यत तासन् तास चालते, आणि तिचा निकाल बहुधा दूरच्या एकाद्या वळणावर आधींच लागलेला असतो. तरीही जगभर सर्वांत महाग तिकीट शेवटच्या रेषेसमोरचेंच राहिलें. घोड्यांच्या मैदानाची ही संवय मोटारीला अद्यापही पुरती सुटलेली नाहीं. शिवाय, शंभर फूट रुंदीच्या त्या रस्त्यावर वेगवान गाड्याही दुरून मंद भासत, अशी तक्रार होऊं लागली.

यानंतरच्या दोन दशकांत फेऱ्याची लांबी हाच प्रेक्षकाच्या दृष्टीनें कळीचा मुद्दा ठरला. जर्मनीनें १९२७ मध्यें आयफेलच्या डोंगरांत नुर्बुर्गरिंग बांधलें. त्याचा उत्तरेकडील फेरा पावणेतेवीस किलोमीटरांचा. १९३६ सालीं बर्न्ड रोझमायरनें तो दहा मिनिटांच्या आंत पुरा केला, याचें लोकांना कोण कौतुक! म्हणजे २२ फेऱ्यांच्या शर्यतींत प्रेक्षकाला एक गाडी २२ वेळां, तीही दहा-दहा मिनिटांनीं दिसे. याच्या उलट मोनाकोचें. १४ एप्रिल १९२९ रोजीं त्या चिमुकल्या संस्थानाच्या भर शहरांतील रस्त्यांवर १०० फेऱ्यांची शर्यत झाली. फेरा जेमतेम सवातीन किलोमीटरांचा. विजेता विल्यम्स याला सगळ्या शर्यतीस चार तासांहून किंचित् कमी वेळ लागला. म्हणजे दर अडीच मिनिटांच्या आंत तो पुन्हां समोर हजर. तेथें घराचा सज्जा, गच्ची, खिडकी, बंदराचा कठडा, सर्व कांहीं प्रेक्षागार झालें.

इटलीनें १९२२ मध्यें मिलान शहराजवळील मोंझाच्या राजोद्यानांत सुमारें ११० दिवसांत आपला मार्ग बांधून काढला होता. ९ सप्टेंबर १९२८ रोजीं तेथें एमिलिओ मातेरासीची टॅल्बो गाडी मुख्य प्रेक्षागारासमोरील सरळ पट्ट्यावर भलतीकडे वळली, आणि तेथें उभ्या असलेल्या गर्दींत घुसली. चालकासह वीसहून अधिक माणसें मेलीं. वळणावर नव्हे, सरळ रस्त्यावर. आणि सर्वांत हव्याशा जागेसमोर! या घटनेंत पुढच्या मोठ्या संकटाची सूचना होती. पण ती कोणी पुरतेपणीं ऐकिली नाहीं.

तें संकट २७ वर्षांनीं पुन्हां ल मां येथेंच आलें. तेथें १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होऊं लागली होती. ११ जून १९५५ रोजीं दुपारीं चार वाजतां शर्यत सुरू झाली, तेव्हां अडीच-तीन लाखांचा समुदाय लोटला होता. सर्वांत दाट गर्दी पिट्सच्या समोर, मुख्य सज्ज्याच्या पुढच्या मोकळ्या जागेंत. कारण उघड आहे: चालक बदलणें, तेल भरणें, चाकें बदलणें हें सर्व येथूनच दिसे. रस्ता आणि माणसें यांच्यामध्यें मातीचा एक बुटका बांध. पिट्स आणि धांवत्या गाड्या यांच्यामध्यें तर भिंतही नव्हती. १९२३ च्या गतीला हें पुरेसें होतें. १९५५ मध्यें गाड्या तेथून ताशीं २४० किलोमीटरांच्या आसपास जात होत्या.

सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास माइक हॉथॉर्ननें आपली जॅग्वार गाडी पिट्सकडे घेण्यासाठीं ब्रेक लाविले. मागून येणारा लान्स मॅक्लिन तिला टाळण्यासाठीं डावीकडे सरला. त्याच्या मागून पिएर लव्हेग भरधांव येत होता. हा तोच चालक, ज्यानें १९५२ सालीं जोडीदाराच्या हातीं चक्र न देतां ही शर्यत एकट्यानें जवळजवळ जिंकत आणली होती आणि शेवटच्या टप्प्यांत गमावली होती. त्याची मर्सिडीझ मॅक्लिनच्या गाडीच्या मागच्या भागावर चढली, उडाली आणि बांधावर आदळली. इंजिन आणि पुढचा आंस सुटून गर्दींतून पार गेले. लव्हेग जागच्या जागीं ठार झाला. ऐंशींहून अधिक प्रेक्षक मेले, आणि त्याहून पुष्कळ जायबंदी झाले. गाडीचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें असल्यामुळें पाण्यानें आग विझण्याऐवजीं भडकली. शर्यत मात्र थांबविली नाहीं. लाखों लोक एकदम बाहेर पडले तर रस्ते भरून जातील आणि जखमींच्या गाड्या अडकतील, असें कारण देण्यांत आलें. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीझनें आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या.

मेलेल्यांपैकीं बहुतेकांनीं कोणता अविचार केला होता? कांहींच नाहीं. त्यांनीं सर्वांत चांगली जागा निवडली होती, इतकेंच.

परिणाम दूरवर पोहोंचले. त्या वर्षींच्या फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि स्पेन येथील ग्रां प्री रद्द झाल्या. स्वित्झर्लंडनें बंदिस्त मार्गावरील मोटार-शर्यतींवर जी बंदी घातली, ती पुरती उठावयास २०२२ साल उजाडावें लागलें. ल मां येथें पिट्ससमोरचा रस्ता रुंद करण्यांत आला आणि प्रेक्षागार नव्यानें बांधण्यांत आलें. तरी जुनी संवय एका फटक्यानें मोडत नाहीं. १२ मे १९५७ रोजीं इटलीच्या 'मिले मिलिया' शर्यतींत एक टायर फुटला, आणि द पोर्तागो याची गाडी रस्त्याकडेच्या लोकांत शिरली. नऊ प्रेक्षक मेले. त्यांत पांच मुलें होतीं. मुलांना कोणी तिकीट काढून बसविलें नव्हतें. तीं आपल्याच गांवच्या रस्त्याकडेला उभीं होतीं. ती शर्यत मग कायमची बंद झाली. १० सप्टेंबर १९६१ रोजीं मोंझा येथें फॉन ट्रिप्सची फेरारी काठावरच्या तारेच्या कुंपणावर गेली. तो आणि पंधरा प्रेक्षक मेले. तें कुंपण माणसांना आंत येऊं न देण्यासाठीं होतें. गाडीला बाहेर जाऊं न देण्यासाठीं नव्हतें. हा भेद लोकांच्या लक्षांत येण्यास इतकी किंमत द्यावी लागली.

त्यानंतर मात्र बैठक रस्त्यापासून मागें मागें सरत गेली. मध्यें खडीचे पट्टे आले, टायरांच्या भिंती आल्या, पोलादी दोर गुंफलेलीं उंच जाळीचीं कुंपणें आलीं. १९९८ सालीं अमेरिकेंत मिशिगन येथें, आणि पुढच्याच वर्षीं शार्लट येथें, तुटलेलें चाक प्रेक्षकांत पडून दोन्ही वेळां तीन-तीन माणसें मेलीं. तेव्हां जाळ्या आणखी उंच झाल्या, आणि चाकें गाडीला मजबूत दोरानें जखडण्याची पद्धति रूढ झाली. प्रेक्षकाचा जीव वांचला. पण जाळीमागून पाहणाऱ्याला शर्यत चाळणींतून पाहिल्यासारखी दिसूं लागली, अशी कुरकूरही सुरू झाली. ही कुरकूर करणाऱ्यानें १९५५ चा बुटका बांध आठवावा.

आतां, दूर गेल्यानें प्रेक्षकाचें खरोखरच नुकसान झालें काय? आगगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास जवळचे तारायंत्राचे खांब भरकन मागें गेलेले दिसतात. दूरची टेकडी मात्र बराच वेळ सोबत करते. शर्यतीचें तसेंच आहे. ताशीं ३०० किलोमीटर जाणारी गाडी एका सेकंदांत ८३ मीटर कापते. सरळ पट्ट्यावर जाळीशीं नाक लावून बसलेल्याला एक गर्जना आणि एक रंगीत रेघ यांपलीकडे कांहीं मिळत नाहीं. तोच मनुष्य वीस-पंचवीस पायऱ्या वर चढला, तर जाळीच्या माथ्यावरून त्याला रस्त्याचा लांब पट्टा दिसतो, आणि गाडी येतांना, वळतांना, जातांना अशी तिन्ही वेळां डोळ्यांत भरते. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण उपहासाची खरी, पण मोटार-शर्यतीच्या बाबतींत ती शब्दशः शहाणपणाची आहे.

जाणत्या प्रेक्षकांनीं दुसरी गोष्ट शोधून काढली ती वळणाची. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटीं जेथें गाड्या एकदम हळू होतात, तेथेंच एक चालक दुसऱ्याला मागें टाकतो. मोंझाला १९७२ पासून गति मोडण्यासाठीं नागमोडी वळणें घातलीं आहेत. तेथें हल्लींच्या गाड्या साडेतीनशेंच्या आसपास येऊन पहिल्या वळणाशीं सत्तर-ऐंशींवर उतरतात, आणि हें सर्व दीडशें मीटरांच्या आंत घडतें. चालकाची छाती आणि अक्कल दोन्ही तेथें कसोटीला लागतात. तिसरी गोष्ट जमिनीच्या ठेवणीची. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हें महायुद्धांतील विमानतळावर १९४८ मध्यें सुरू झालेलें मैदान. जमीन सपाट, म्हणून बसल्या जागेवरून समोरचा तुकडा तेवढा दिसे. केंटमधील ब्रँड्स हॅच मात्र वाडग्यासारख्या खोलगट जागेंत आहे. तेथें कडेच्या गवतावर बसणाऱ्यालाही मार्गाचा मोठा भाग दिसतो. हॉलंडमधील झांडव्होर्टला समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांनींच बैठक करून दिली आहे. महाग तिकीट आणि चांगली जागा या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें या मैदानांवरून कळतें.

हिंदुस्थानांतही हा इतिहास थोडक्यांत पुन्हां घडला. मद्रासजवळ शोलावरम येथें सिल्व्हरस्टोनप्रमाणेंच युद्धकालीन विमानांच्या धांवपट्टीवर शर्यती होत असत. पुढें दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथें हर्मन टिल्के या जर्मन स्थापत्यकारानें आंखलेला सवापांच किलोमीटरांहून थोडा कमी लांबीचा मार्ग तयार झाला, आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजीं तेथें पहिली भारतीय ग्रां प्री झाली. तीन वर्षें ती झाली, तिन्ही वेळां सेबास्टियन फेटेल जिंकला. मग करांच्या वादांत ती बंद पडली. त्या तीन वर्षांत ज्यांनीं मुख्य प्रेक्षागाराचें भारी तिकीट काढलें, त्यांना सुरुवात, पिट्स आणि शेवट दिसला. ज्यांनीं तिसऱ्या वळणानंतरच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटची, चौथ्या वळणाची जागा पसंत केली, त्यांना ज्या ठिकाणीं गाड्या एकमेकींना गांठीत, तें ठिकाण दिसलें.

तेव्हां जागा निवडणाऱ्यानें प्रथम मार्गाचा नकाशा पाहावा: फेरा किती लांब आहे, आणि सरळ पट्टा कोठें संपून वळण कोठें सुरू होतें. मग उंची पाहावी; पहिल्या रांगेचा मोह सोडून वरची पायरी धरावी. मग दुपारचें ऊन कोणत्या बाजूनें येईल तें पाहावें. कारण डोळ्यांवर सूर्य घेऊन दोन तास कोणालाच कांहीं दिसत नाहीं. आणि शेवटीं, रस्ता व आपण यांमध्यें काय आहे हें एकदां निरखून पाहावें. ती जाळी, ती खडी, तें मोकळें अंतर हे दृष्टीचे अडथळे नव्हेत. मोंझा, ल मां आणि मिले मिलियाच्या रस्त्याकडेला ज्यांनीं विश्वासानें जवळची जागा धरली आणि जे घरीं परतले नाहींत, त्यांनीं मागून येणाऱ्यांसाठीं सोडलेली ती जागा आहे.